तुळाजीचा बांध

शके अठराशे सहाच्या वैशाखापासून उंबरमाळात सावडीला येणारा माणूस स्वतःची भाकरी फडक्यात बांधून आणतो. ज्याच्या शेतात काम, त्याच्या घरचा घास तो खात नाही. पाहुण्यांना हा कंजूषपणा वाटतो. वाटू द्या.

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुमचा बांध रचायचा, उद्या तुम्ही त्यांचा. डोंगरउतारावर एकट्याने मोठा दगड हलत नाही. तुळाजीला हे कळत नव्हते असे नाही. पण त्याच्या घरी दोन कणग्या भात जास्त होते, आणि तेवढ्यावर तो स्वतःला राजा समजे.

आदल्या साली एकोणीस घरच्या माणसांनी त्याचे वावर बांधून दिले. त्याने जेवण घातले. भाकऱ्या मोजून वाढल्या म्हणे. मग ठमाबाईची पाळी आली. नवरा गेलेली बाई, एकच खाचर. तुळाजी ओट्यावरून उठला नाही.

"माझ्या घरी जेवलीस ना? मग फिटलं."

"मी तुझ्या भाकरीची मजूर न्हाय, तुळाजी," ठमाबाई म्हणाली आणि गेली.

अठराशे सहाच्या वैशाखात वळवाने त्याचाच बांध फुटला. मिरगाच्या आत तो उभा राहिला नसता, तर माती ओढ्याला जाऊन खाली नुसता कातळ उरला असता. तुळाजी दोन दिवस एकटाच दगडांशी झटला. लोकांना हाक मारायला तोंड नव्हते.

तिसऱ्या सकाळी एकोणीस जण आले. पुढे ठमाबाई. प्रत्येकाच्या कमरेला भाकरी. दुपारी ते तुळाजीच्या घराकडे पाठ करून जेवले. त्याची बायको टोपली घेऊन उभीच राहिली.

"दोन घास तरी घ्या, वैनी," तुळाजी म्हणाला.

"घेऊ, आन पुन्हा फिटलं म्हनशील. ऱ्हाऊ दे. कुत्र्याला घाल."

लोक हसले. तुळाजी खाली बघून दगड उचलू लागला.

बांध उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो कमरेला भाकरी बांधून ठमाबाईच्या दारात गेला. तिने उंबऱ्यातूनच परत लावले. "आदी अठरा घरं. माझं शेवटाला."

तीन उन्हाळे तो घरोघर दगड वाहत होता असे सांगतात. त्याला कुणी शाबासकी दिली नाही. द्यायची कशाला?

आजही तुळाजीचा बांध उभा आहे, आणि आजही सावडीला आलेले लोक शेतमालकाच्या घराकडे पाठ करूनच जेवतात.

तिसऱ्या उन्हाळ्यात ठमाबाईच्या खाचरावर तुळाजीने शेवटचा दगड बसवला. तिने तो पायाने रेटून पाहिला. हलला नाही.

"आता फिटलं," ती म्हणाली.