आधी तुम्ही व्हा पुढे

माणसांच्या आधी सायकल जनावरांकडे होती, तेव्हाची ही गोष्ट. गोल मैदानावरच्या शर्यतीत मुंगूस कायम पहिला यायचा. दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचं, त्याच्या पाठीमागे वारा चुकवायचा आणि शेवटी झपकन पुढे निघायचं, ही त्याची युक्ती.

मग रस्त्यावरची शर्यत ठरली. ओढ्याजवळच्या बिळापाशी जो पहिला पोचेल, त्याला ते बीळ मिळणार होतं. मुंगसाच्या बायकोचे दिवस भरले होते आणि घराचा पत्ता नव्हता. पण एव्हाना त्याची युक्ती सगळेच शिकले होते.

शिट्टी वाजली, तरी कोणी हलेना. सगळे पायडलवर उभे राहून तोल सांभाळत होते.

"घोरपडताई, तुम्ही व्हा पुढे."

"छे, आधी तुम्ही, मुंगूसभाऊ. पहिला नंबर तुमचा असतो ना?"

दुपारी बायको डबा घेऊन आली. "अहो, कळा येतायत. निघा की!"

"थांब गं, हीच तर चाल आहे."

बायकोने डबा तिथेच ठेवला आणि पोट धरून चालत निघाली. तीच पहिली पोचली. संध्याकाळी त्या बिळात तिला चार पिल्लं झाली.

मुंगूस अजून पायडलवर उभाच होता. घोरपडीला म्हणाला, "ती पुढे गेली ते बरंच झालं. आता तिला शेवटी गाठतो."