अस्वलाची शाळा आणि झऱ्याची वाट

सागाच्या एका जंगलात, टेकडीच्या माथ्यावर, एक अस्वल राहत असे. मुलांनो, हे अस्वल गुरुजी होते. त्याने स्वतःची शाळा काढली होती. कोणते कंद खायचे, कोणते टाळायचे, मधमाश्यांना न चिडवता मध कसा काढायचा, हे ते पिल्लांना इतक्या मायेने शिकवी, की सकाळी रडत आलेले पिल्लू संध्याकाळी घरी जायला तयार नसे. मात्र शाळा त्याच्या मालकीची होती. तिथे शिकायचे तर आईबापांना फळे आणि कंद फी म्हणून द्यावे लागत, आणि ते सगळ्यांनाच जमत नसे.

त्या जंगलात पावसाळा सरला की सगळे प्राणी मिळून वाटा दुरुस्त करत. कोणती वाट आधी करायची, हे हत्तीच्या सभेत ठरे. त्या वर्षी झऱ्याकडे उतरणारी वाट पावसाने पार खचली होती. पण सभेत आधी कोल्हा उठला. त्याची पिल्ले अस्वलाच्या शाळेत होती.

"यंदा शाळेपर्यंत रुंद रस्ता करू या," तो म्हणाला. "दूरदूरच्या रानांतून पिल्लं शिकायला येतील. आपल्या जंगलाचं नाव होईल."

"शाळा अस्वलाची, मग रस्त्याचे दगड आम्ही का वाहायचे?" गव्याने विचारले.

"आज ना उद्या आपलीही पिल्लं तिथे जातीलच की," माकड म्हणाले. मग सभेत एकच गलबला झाला.

तेवढ्यात मागे बसलेली सायाळ पुढे आली. तिची म्हातारी आई तिला टेकून उभी होती. आईला डोळ्यांनी फारसे दिसत नसे. सायाळ हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, तुमची शाळा चांगली आहे. माझा तिच्यावर राग नाही. पण शाळेत जायचं की नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येतं. पाण्याला मात्र सगळ्यांनाच जावं लागतं. आईला घेऊन ती घसरण उतरताना रोज माझा जीव मुठीत असतो."

अस्वल मनाने वाईट नव्हते. पण शाळेच्या दारापर्यंत आलेला रुंद रस्ता त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता. "झऱ्याचं काम लहान आहे, ते नंतरही होईल," ते म्हणाले. बऱ्याच माना डोलल्या. हत्तीने निकाल दिला, "यंदा शाळेचा रस्ता. पुढच्या वर्षी शाळेपुढचं अंगण. झऱ्याचं त्यानंतर पाहू."

सायाळ रुसून घरी बसली नाही. ठरल्या दिवशी तीही आली आणि सगळ्यांबरोबर दगड लोटू लागली. रस्ता खरोखरच छान झाला. शेजारच्या रानांतली पिल्ले येऊ लागली, शाळा भरून गेली.

मग उन्हाळा आला. शाळेमागे खडकात पाण्याची एक कुंडी होती. एवढी सगळी पिल्ले पिऊ लागल्यावर ती लवकरच आटली. एके दुपारी सशाचे एक पिल्लू धडा म्हणता म्हणता तहानेने मान टाकून पडले. अस्वलाने त्याला सावलीत ठेवले, वाळक्या भोपळ्याचा तुंबा गळ्यात अडकवला आणि ते झऱ्याकडे धावले. कुंडी जवळ असल्यामुळे कित्येक वर्षांत ते त्या बाजूला उतरले नव्हते. अर्ध्या उतारावर पायाखालची माती निसटली. अस्वल गडगडत जाऊन खाली एका घळीत पडले. पाय मुरगळला, उठता येईना. वर पिल्ले तहानलेली होती, आणि त्याचे डोळे भरून आले.

सायाळ आईला घेऊन तिथूनच उतरत होती. अस्वलाला पाहताच तिने आईला एका दगडावर बसवले आणि खाली धाव घेतली. "आधी पिल्लांना पाणी," अस्वल कसेबसे म्हणाले. तिने तुंबा उचलला, झऱ्यावर भरला आणि जपून वर नेला. पुन्हा पुन्हा ती उतरली, पुन्हा पुन्हा चढली. सशाच्या पिल्लाने डोळे उघडल्यावरच ती अस्वलाजवळ येऊन बसली आणि त्यालाही पाणी पाजले.

"सभेत मी तुझं ऐकलं नाही," अस्वल म्हणाले.

"ऐकलं होतंत, गुरुजी," सायाळ म्हणाली. "फक्त ही वाट तुम्ही चालून पाहिली नव्हती."

दुसऱ्या दिवशी अस्वल लंगडत हत्तीकडे गेले आणि त्याने सभा बोलवायला लावली. "शाळेचं अंगण मला नको," ते म्हणाले. "पावसाळा सरण्याची वाट न बघता आधी झऱ्याची वाट करू या."

"मग बाहेरच्या रानांतले पाहुणे काय म्हणतील?" कोल्ह्याने विचारले.

"पाहुण्यांनाही तहान लागतेच," अस्वल म्हणाले. मग कोल्ह्यानेच पहिला दगड उचलला.

गव्याने मोठे दगड लोटले, माकडांनी खाचा बुजवल्या, शाळेतल्या पिल्लांनी ओंजळी-ओंजळीने माती आणली. उतारावर रुंद पायऱ्या झाल्या. संध्याकाळी सायाळीची आई एकटीच त्या पायऱ्या उतरून झऱ्यापाशी गेली. पोटभर पाणी प्याली. वर येण्याची घाई न करता तिने पाय पाण्यात सोडले आणि लेकीला म्हणाली, "तू जा पुढे. मी बसते जराशी."

तात्पर्य : ज्या वाटेची गरज सगळ्यांना आहे, ती आधी नीट करावी, आणि दुसऱ्याची अडचण लहान म्हणण्यापूर्वी त्याच्या वाटेने एकदा चालून पाहावे.