वैद्यबुवांचा हात

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येणार नाही. त्या राजाच्या राज्यात, एका मोठ्या घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात शिवदेव नावाचे एक वैद्य राहत होते.

शिवदेव वैद्यांची कीर्ती मोठी होती. नाडीवर तीन बोटं ठेवली की रोग्याने काल काय खाल्लं तेही ते सांगत. आपल्या विद्येचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

एकदा वनस्पती आणायला गेले असताना ते कड्यावरून घसरले आणि त्यांचा गुडघा फुटला. वेदना सोसेनात. तेव्हा त्यांनी स्वतःलाच औषध दिलं. मोहरीएवढी अफू, दिवसातून एकदा.

महिन्याभरात गुडघा बरा झाला. अफू मात्र थांबली नाही. मोहरीचा मूग झाला आणि मुगाचा हरभरा.

"मी वैद्य आहे," ते मनाशी म्हणत. "माप मला कळतं. वाटेल त्या दिवशी सोडीन."

तो दिवस काही येईना.

शिवदेवांनी एका ताडपत्रावर रोज थोडं कमी करायचं माप लिहून काढलं. तीन दिवस ते पाळलं, आणि चौथ्या दिवशी ताडपत्र कुठे ठेवलं तेच आठवेना. मग एका सकाळी त्यांनी सगळी अफू नदीत सोडली. दुपारी ते दोन कोस चालून शेजारच्या गावी गेले आणि नवी घेऊन आले. परतीच्या वाटेवर ते मध्येच थांबले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. हात माझा, पुडीही माझीच. नको म्हणणारा मी, आणि आणणाराही मीच. मग यातला खरा मी कोणता? त्यांना काही कळेना.

शेवटी ते गावदेवीच्या देवळात गेले. "आई," ते म्हणाले, "तुझ्या देवळाला दगडी पायऱ्या बांधून देतो. तू फक्त थोडा हातभार लाव. बाकी माझं मी बघतो."

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पुडी पुन्हा हातात होती. देवी बहिरी आहे की आपला आवाजच तिला नकोसा झाला आहे, हेही त्यांना ठरवता येईना. त्यांनी देवळात जाणं सोडलं.

त्यांच्या बायकोला, गिरिजाबाईंना, सगळं दिसत होतं. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, कुणाशी तरी बोला."

"कुणाशी?" शिवदेव कडाडले. "शंभर कोसांत माझ्याहून मोठा वैद्य आहे का कुणी?"

गिरिजाबाई उठून चुलीकडे गेल्या.

आणि मग व्हायचं ते झालं. गावातला कोंडाजी तेली एका सकाळी ताप घेऊन आला. शिवदेवांच्या पापण्या जड झाल्या होत्या. त्यांनी बचनागाची पूड दिली. बचनाग म्हणजे विषारी मुळी, पण शुद्ध करून गुंजेच्या अंशाने दिली की ताप उतरवते. त्या दिवशी शिवदेवांच्या हातून ती तिप्पट गेली.

दुपार व्हायच्या आत कोंडाजीची बायको धावत आली. कोंडाजीचे ओठ बधिर झाले होते, हातपाय गार पडले होते. शिवदेव धावले, आणि नाडीवर बोट ठेवताच त्यांना कळून चुकलं की हे आपलंच काम. त्यांनी तूप पाजलं, ओकाऱ्या करवल्या, स्वतः बसून तळपाय चोळले. सूर्य मावळायच्या सुमाराला कोंडाजीने डोळे उघडले.

सारं घर शिवदेवांच्या पाया पडलं. "वैद्यबुवा, तुम्ही होता म्हणून आमचा माणूस वाचला," कोंडाजीची बायको रडत म्हणाली.

शिवदेवांना खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते एवढंच, "जपा त्याला."

घरी येऊन त्यांनी दुप्पट अफू खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाती लागली तेवढी अफू पंच्यात बांधून ते निघाले. ती फेकून द्यायला निघालो आहोत की कुणी नसेल तिथे बसून एकदमच खायला, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. पाय नेतील तिकडे ते चालले होते.

गावाबाहेर एक डबकं होतं. त्यात अंबाडीचे भारे कुजत घातलेले असत, त्यामुळे तिथे घाण वास मारायचा आणि सहसा कुणी जात नसे. काठावर गोजरा नावाची बाई भिजक्या काड्यांचा वाख सोलत बसली होती. वाखाचे दोर वळून ती पोट भरायची.

शिवदेवांनी तिला ओळखलं आणि मान वळवली. सात वर्षांपूर्वी ही बाई मोहाची दारू पिऊन झिंगत त्यांच्या दारात आली होती आणि दारू सुटायचं औषध मागत होती. शिवदेवांनी तिला उंबऱ्याबाहेरूनच हाकललं होतं. "याला औषध नसतं," ते म्हणाले होते, "लाज असावी लागते."

"बसा वैद्यबुवा," गोजरा म्हणाली. "तुमचे पाय थरथरतायत."

शिवदेव बसले. का बसलो, ते त्यांना समजलं नाही.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"कशाला?"

"जे खाताय त्याला."

शिवदेव चमकले. खोटं बोलावं असं त्यांच्या मनात आलं, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं. "तीन वर्षं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुझी कशी सुटली?"

"सुटली कुठं? आज प्यायले नाही, एवढंच."

"पण औषध कोणतं घेतलंस? काढा? पथ्य?"

"औषध नाही. तुम्हीच म्हणाला होतात की नसतं." ती हसली, पण त्या हसण्यात डंख नव्हता. "रोज उठलं की म्हणते, माझ्याच्यानं होत नाही, तू धर. मग कामाला लागते. जीव फारच ओढायला लागला की शेजारणीकडे जाऊन बसते आणि तिला सांगते की आज ओढतंय."

"तू धर, असं कुणाला म्हणतेस? देवीला?"

"आधी देवीला म्हणायची. मधे एकदा वाटलं, ती ऐकते की नाही कोण जाणे. पण म्हणणं सोडलं नाही. जो ऐकत असेल तो ऐकेल."

"अगं, ही काय उपासना झाली?" शिवदेव वैतागले. "मीही देवीला सांगितलं होतं. पायऱ्या बांधतो म्हणालो. थोडा हातभार लाव, बाकी माझं मी बघतो, असं म्हणालो."

गोजराने हातातली काडी खाली ठेवली. "मग तिनं बाकी तुमच्यावरच सोडलं असंल."

शिवदेवांना राग आला, आणि त्याच क्षणी रडूही आलं. त्यांनी पंचा तिच्यापुढे केला. "हे घे. माझ्यापासून लांब ठेव."

गोजरा झटकन मागे सरकली. "मला नका देऊ, बुवा. मी काही एवढी पक्की नाही. आपण दोघं मिळून टाकू."

दोघांनी पंच्याची दोन टोकं धरली आणि त्या कुजक्या पाण्यात तो रिकामा केला.

शिवदेवांच्या घरात कोनाड्याकोनाड्यांत अफू दडवलेली होती, म्हणून ते गोजराच्या झोपडीतच राहिले. निरोप मिळताच गिरिजाबाई तिथे आल्या. पुढचे दिवस फार वाईट गेले. शिवदेवांना घाम सुटे, ओकाऱ्या होत, पाय आपोआप झटके देत. ज्या घरचं पाणी ते कधी प्यायले नव्हते, त्या घरची पेज गोजरा त्यांना चमच्याने पाजत होती. त्यांनी तिला शिव्या दिल्या. गिरिजाबाईंनाही दिल्या. दोघी आळीपाळीने त्यांचं अंग पुसत राहिल्या.

गोजराने सांगितलेले शब्द ते रोज सकाळी म्हणून बघत, पण ते ओठांवरच राहत. मनात आतून कुणीतरी म्हणत असे, हे असं बोलून कुठे बरं होतं का?

चौथ्या दिवशी, भर दुपारी, दोघी पाण्याला गेलेल्या बघून ते पळाले. घरच्या कोनाड्यापर्यंत पोचायचं एवढंच डोक्यात होतं. पण रस्त्यावर आले आणि पायांतलं बळच गेलं. ते धुळीत कोसळले. बाजाराहून परतणारी माणसं थबकली. एवढे मोठे वैद्य, अंगावर मळकं धोतर, तोंडाला लाळ. कुणी जवळ येईना.

तिथे, धुळीत तोंड खुपसून, शिवदेव म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही. तू धर."

या वेळी त्यांनी पुढे काहीच जोडलं नाही.

काय होईल असं त्यांना वाटलं होतं, कोण जाणे. काहीच झालं नाही. आकाश तसंच होतं, ऊन तसंच होतं. मग कुणीतरी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं. त्यांनी मान वर करून पाहिलं. तो कोंडाजी तेली होता.

कोंडाजीने त्यांना पाठीवर घेतलं आणि गोजराच्या झोपडीकडे चालू लागला. त्याच्या पाठीवरून, त्याच्या कानाशी, शिवदेव म्हणाले, "कोंडाजी, तुला विष मीच दिलं होतं. अफूच्या धुंदीत. मरता मरता वाचलास तू."

कोंडाजी थांबला.  मग पुन्हा चालू लागला. झोपडीत शिवदेवांना खाली ठेवून, तो निघून गेला.

त्या दिवशी शिवदेव छपराकडे बघत पडून राहिले. आपलं ऐकलं गेलं, म्हणून हा माणूस आला? की शिक्षा म्हणून नेमका हाच आला? दोन्ही खरं वाटे, आणि दोन्ही खोटं वाटे. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. संध्याकाळ झाली, तरी त्यांनी अफू मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी आला. हातात तेलाची बुधली होती. तो खाली बसला आणि शिवदेवांचे झटके देणारे पाय मांडीवर घेऊन त्यांना तेल चोळू लागला.

"मला माफ केलंस?" शिवदेवांनी विचारलं.

"ते ठाऊक नाही," कोंडाजी म्हणाला. "मारणारे तुम्हीच, वाचवणारेही तुम्हीच. राग कुणावर धरू तेच ठरंना. घरी बसून विचार केला, तर डोकं भणभणलं. पाय दुखतात ना? दुखऱ्या पायाला तेल लावायचं, तेवढं मला कळतं."

त्यानंतर आठ दिवस तो रोज आला.

अंगात थोडी ताकद येताच शिवदेव देवळासमोर गेले आणि पारावर बसलेल्या गावकऱ्यांना त्यांनी सगळं सांगितलं. अफूचं सांगितलं, बचनागाचं सांगितलं. सांगताना गोजरा तिथे होती, तिच्याकडे वळून ते म्हणाले, "गोजराबाई, सात वर्षांपूर्वी तुम्ही औषध मागायला आला होतात. मी तुम्हाला हाकललं. चुकलो."



निम्म्या गावाने शिवदेवांकडे येणं बंद केलं, आणि त्यात गावाचं काही चुकलं असं शिवदेवांना वाटलं नाही. जे येत, त्यांचं औषध आता गिरिजाबाई मोजून देत. घातक औषधांची पेटी त्यांच्याच ताब्यात होती. गुडघा अधूनमधून दुखे, तो शिवदेव तसाच सोसत.

दुसऱ्या वर्षी एकदा त्यांचा तोल गेला. घाटापलीकडच्या एका रोग्याच्या घरी अफू समोर दिसली, आणि त्यांनी ती खाल्ली. पण या वेळी ते घरी आले ते थेट गिरिजाबाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज खाल्ली." मग तिघं मिळून, गोजराबाईंच्या झोपडीत, पुन्हा पहिल्या दिवसापासून लागले. त्यानंतर मात्र त्यांच्या तोंडात अफू गेली नाही.

हळूहळू लांबलांबून माणसं त्यांच्याकडे येऊ लागली. कुणी दारूने पोखरलेला, कुणी गांजाने. एकदा राजाचा एक सरदार आला. घोड्यावरून उतरण्याआधीच त्याने विचारलं, "वैद्यबुवा, तुम्ही ज्याला हाक मारता तो कोण? त्याचं नाव सांगा, मीही मारतो."

 "खरं सांगू?" शिवदेव म्हणाले. "काही दिवस मला वाटतं, देवी आहे. काही दिवस वाटतं, गोजराबाईच आहेत, गिरिजा आहे, कोंडाजी आहे. काही दिवस तर काहीच उमजत नाही. इतक्या रोगांची कारणं मी सांगितली, पण मी बरा कसा झालो ते मला सांगता येत नाही. पण हाक रोज मारतो, आणि रोज कुणीतरी धरतं."

सरदार गोंधळला. "पण मग मी काय करू?"

"आधी घोड्यावरून खाली उतरा," शिवदेव म्हणाले, आणि त्याला आधार द्यायला त्यांनी हात पुढे केला.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: आपल्या एकट्याच्याने होत नाही, हे जो नम्रपणे आणि विश्वासाने रोज म्हणतो, त्यालाच उभं राहायचं बळ मिळतं.