जशी नेली तशी आणली

"आणि एकाचंही पोट बिघडलं नाही?"

वामनबुवांनी विचारलं आणि हातातली शेंग फोडली.

"एकाचंही नाही, बुवा," हेरंब म्हणाला. "एवढी मुलं, परका मुलुख, आणि साधी शिंक नाही कुणाला."

हेरंब पोतदार म्हणजे आमच्या गावच्या हायस्कूलचा मुख्याध्यापक. लहानपणी नदीकाठच्या याच मठाच्या ओसरीवर बसून बुवांकडून पाढे शिकला. नुकताच शाळेची मुलं घेऊन जपानला जाऊन आला होता. गावातून समुद्रापलीकडे गेलेली ही पहिलीच सहल. मुलं एसटी स्टँडवर उतरली तेव्हा आम्ही बँड लावला होता.

मी शेजारीच बसलो होतो. माझं किराणा-भुसाराचं दुकान. सहलीचा खर्च आमच्या व्यापारी मंडळानं उचललेला, आणि शिधा माझ्या दुकानातून गेलेला. तूरडाळ, मेतकूट, गोडा मसाला, पापड. शेंगाचटणी तर इतकी की विमानतळावरच्या माणसानं डबा उघडला, वास घेतला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा झाकण लावून दिलं म्हणतात.

"आचारी?" बुवांनी विचारलं.

"इथूनच नेला. आपला गंगाराम. ज्या शाळेत उतरलो त्यांनी स्वयंपाकघर मोकळं करून दिलं. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, रात्री खिचडी. पोरांना घर सोडल्यासारखं वाटलंच नाही."

"वा."

बुवांचं हे 'वा' आलं की मी जरा सावरून बसतो. भाव न विचारता नुसतं 'वा' म्हणत माल पाहणारं गिऱ्हाईक असतं ना, तसं. घेणार की उठणार, काही अंदाज लागत नाही.

"आणि रस्त्यानं चालताना?"

"एक लांब दोरी. प्रत्येकानं दोरी धरूनच चालायचं. पुढं मी, मागं आमच्या पाटीलबाई. सगळ्यांच्या डोक्यावर केशरी टोप्या. लांबून बघितलं तरी आमची मुलं कळायची."

"म्हणजे हरवायचा प्रश्नच नाही."

"प्रश्नच नाही. पालक म्हणाले होते, सर, तुमच्या भरवशावर सोडतोय. मी म्हटलं, निश्चिंत राहा. आणि बुवा..." हेरंबनं छातीवर हात ठेवला. "जशी नेली तशी आणली."

बुवांनी दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"जशी नेली तशी?"

"तशीच्या तशी."

"मग नेली कशाला रे?"

...

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

हेरंब हसला, थट्टा समजून. मीही हसलो, दुकानदारानं हसावं तसं. कुणाच्याच बाजूनं नाही.

"कामाचं बोलू का?" हेरंब म्हणाला.

काम असं होतं. तिकडची ती शाळा आपलं एक मूल वर्षभरासाठी ठेवून घ्यायला तयार होती. शिकायचं त्यांच्या वर्गात, राहायचं त्यांच्यातल्याच एखाद्या घरी. नाव आजच कळवायचं होतं. याही खर्चाला मंडळ तयार होतं, पण एका अटीवर. बुवा हो म्हणतील तेच मूल जाईल. ही अट मीच घातली होती. मंडळात प्रत्येकाला एक तरी भाचा असतो.

"त्यांनी स्वतःहून एक नाव सुचवलंय," हेरंब म्हणाला. "मीनल गवसाने. पण तिला मी पाठवणार नाही. सौरभला पाठवायचं म्हणतो. वर्गात पहिला. आणि सबंध सहलीत त्यानं दोरी एकदाही सोडली नाही."

"मीनलनं सोडली?"

"सोडली? नाहीशी झाली, बुवा." त्याचा आवाज बदलला. "आम्ही संध्याकाळी जेवायला बसलो, तर तिचं पान रिकामं. सगळी शाळा धुंडाळली. मग बाहेर शोधत सुटलो. बोर्ड वाचता येत नाही, विचारायचं तर भाषा नाही. तिथली एक पोलीसबाई माझ्या हातात पाण्याचा पेला देत होती आणि मी नुसता 'मीनल, मीनल' म्हणत होतो. अंधार पडल्यावर आली. कुठं होती? तर कुठल्याशा म्हातारीच्या घरी. तिथंच जेवून आली. काय खाल्लं देव जाणे."

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तिच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

"खरं आहे तुझं," बुवा म्हणाले.

ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाले नाहीत. मीनलची आई मी पाहिलेली आहे. शिवणकामावर घर चालवते. ती एकच पोर.

"कुठंय मुलगी?"

"बाहेर लिंबाखाली उभी केलीय. तुमच्यासमोर चुकलं म्हणू दे, मग सोडून देऊ. नाव मात्र निघणार."

बुवांनी हाक मारली. मुलगी आत आली, नमस्कार करून खांबाशी उभी राहिली. बारीक अंगाची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. घाबरलेली होती, पण मान खाली नव्हती.

"दोरी का सोडलीस ग?"

"हात मोकळे लागले, बुवा. मुळे उपटायला."

मला हसू आलं. हेरंबकडं बघून मी ते गिळलं.

"कुणाचे मुळे?"

"शाळेमागं एका आजींचा वाफा होता. त्यांना वाकवत नव्हतं. मी उपटून दिले. मग टोपली घरापर्यंत नेऊन दिली. मग त्यांनी बसवूनच घेतलं."

"बोललात काय?"

"काही नाही. त्यांचं मला कळत नव्हतं, माझं त्यांना."

"मग एवढा वेळ केलंत काय?"

मुलीनं आठवून बघितलं. "मुळे धुतले. चिरले. त्यांनी मीठ लावलं. मग जेवलो. भात, मुळा, आणि डाळ आंबवून करतात तसलं एक सार. आधी नको वाटलं. मग दुसऱ्यांदा मागितलं."

"मागितलंस कसं?"

तिनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

"सरांना विचारलं होतंस?"

"नाही." आता मान खाली गेली. "ते चुकलं. सर फार घाबरले होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं."

हेरंबनं खिडकीबाहेर बघितलं.

"बस जा बाहेर, पायरीवर," बुवा म्हणाले.

ती गेली. पायरीशी काहीतरी उचलठेव करत होती. माझं तिकडं फारसं लक्ष नव्हतं.

"सौरभनं काय काय पाहिलं?" बुवांनी विचारलं.

"सगळं. किल्ला, बाग, ती वेगानं पळणारी आगगाडी, कारखाना. घडाघडा सांगतो. म्हणत असाल तर बोलावतो, ऐका."

"आणि त्याला कुणी पाहिलं?"

"म्हणजे?"

"तिथल्या कुणी."

"केशरी टोपी होती ना, बुवा. सगळ्यांनीच पाहिलं."

"हं."

हेरंबला ते 'हं' सोसेना. तो माझ्याकडं वळला.

"शेठ, तुम्ही जग बघितलेलं आहे. तुम्ही सांगा. शिस्त नको का?"

मला कुठलं जग. मी चौथीतून दुकानात बसलो, पुढचं काय ते पोत्यांवरचे छाप वाचत शिकलो. पण विचारलं म्हणून सांगितलं.

"आमचे चुलते," मी म्हटलं, "पहिल्यांदा गुंटूरला मिरची आणायला गेले. तिथं आपल्याकडचा एक दलाल होता, त्याच्याकडं उतरले. भाकरी-पिठलं खाल्लं, माल उचलला, आले. तिखट म्हणून आणलेली मिरची नुसती लाल निघाली. दुसऱ्या खेपेला दलाल गावी गेलेला. नाइलाजानं माल विकणाऱ्याच्या घरी पानावर बसले. पहिल्या घासाला डोळ्यांतून धारा. घरातल्या बायका हसल्या. पण तेव्हापासून चुलते पोतं न उघडता, वरून वास घेऊन मिरची सांगायचे."

"मिरचीची गोष्ट वेगळी, शेठ."

"वेगळीच," मी म्हटलं. "माणसाचं पोतं कुठं हुंगता येतं."

बुवांनी शेंगांची टरफलं गोळा केली आणि पाटीत टाकली. याचा अर्थ, बैठक संपली.

"बुवा, मग सौरभचं नाव कळवू?"

"मुलं तू नेलीस. नाव तू सांग."

"पण तुमचा होकार..."

"तू सांग. मग बघू."

हेरंब उठला. तोंड पडलेलं होतं. नमस्कार केला आणि मागं सरकू लागला.

आमच्या मठाची ही जुनी चाल आहे. बुवांकडं पाठ करून कुणी जात नाही. बुवांच्या गुरूंच्या वेळेपासून हे असंच. हात जोडायचे, तोंड बुवांकडं ठेवायचं आणि पावलापावलानं मागं सरत पायरीपर्यंत जायचं. येताना वहाणा जशा काढल्या तशाच, दाराकडं तोंड करून असतात. तेव्हा मागच्या मागं एक पाय खाली टाकायचा आणि न बघता वहाणेत सरकवायचा. आमच्या गावची लहान पोरंसुद्धा हे सफाईनं करतात. परगावचा माणूस बघून हसतो. बुवांनी कितीदा सांगितलं, अरे, सोडा हे. कोण ऐकतो?

हेरंब तर लहानपणापासून सरावलेला. पायरीशी आला, एक पाय मागं टाकला.

पाय बुटात जाईना.

पुन्हा टाकला. टाच बुटाच्या नाकावर पडली आणि घसरली. तोल सावरायला त्यानं चौकट धरली. तोंड अजून बुवांकडंच.

"कुणी उलटे ठेवले हे?"

"मी, सर," मीनल म्हणाली. ती पायरीच्या कडेला उभी राहिली होती.

मी वाकून बघितलं. हेरंबचे बूट रस्त्याकडं तोंड करून नीट जोडीनं ठेवलेले. शेजारी माझ्या चपला, त्याही तशाच. आणि त्यांच्या पलीकडं बुवांच्या खडावा. त्यासुद्धा रस्त्याकडं.

हेरंबचा चेहरा लाल झाला. आमच्याकडं पाहुण्याच्या वहाणा कुणी रस्त्याकडं फिरवून ठेवल्या, तर त्याचा एकच अर्थ. उठा आता.

"मला जा म्हणतेस?"

"नाही, सर." ती घाईनं म्हणाली. "मलाही आधी तसंच वाटलं होतं. जेवून बाहेर आले, तर माझे बूट फिरवलेले. वाटलं, आजींना मी नकोशी झाले. रडूच यायला लागलं. तर त्या दारात उभ्या. माझ्या बुटांकडं हात केला, मग रस्त्याकडं, आणि वाकल्या. त्यांना तर वाकवत नव्हतं, सर. तरी माझे बूट फिरवायला वाकल्या होत्या. निघणाऱ्याला सोपं जावं म्हणून."

तिनं खडावांची जोडी बोटानं सरळ केली.

"घरी आल्यापासून मी सगळ्यांचे फिरवून ठेवते," ती हळू आवाजात म्हणाली. "आई पण आधी रागावली. आता तीच आल्या-गेलेल्यांचे फिरवते."

हेरंब तिच्याकडं बघत राहिला. सबंध सहलीत तो त्याच शाळेत राहिला होता, रोज त्याच गल्लीतून दोरी धरून गेला होता. हे त्याला नवीन होतं. तसं तो बोलला नाही, पण माल ओळखणं हा माझा धंदा आहे.

एक पाय पायरीवर, एक अधांतरी, हात अजून अर्धवट जोडलेले. ना आत, ना बाहेर.

"बुवा..."

"हं."

"हिच्या आईला मी काय सांगू? वर्षभर... परक्या घरी..."

बुवा त्याच्या पायांकडं बघत होते. मग पलीकडं, स्वतःच्या खडावांकडं.

"हिचंच नाव कळवू का, बुवा?"

त्यानं पुन्हा पाय मागं टाकला. पुन्हा टाच घसरली.

बुवा हसले. इतकी वर्षं मी मठात येतोय, पण असं हसू क्वचितच पाहिलं.

"आधी पाठ फिरव, हेरंबा. मी काही पळून जात नाही."