वाकणावरची ओ

खूप जुनी गोष्ट. घाटात तेव्हा नुसती पायवाट होती, आणि धुकं उतरलं की तीही दिसायची नाही.

घाटमाथ्यावरच्या गावात हैबती नावाचा बाहुलेवाला राहायचा. कळसूत्री बाहुल्या नाचवायच्या, हे त्याच्या घरात आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. राजे, राक्षस, लढाया! पण तेच राजे आणि त्याच लढाया माणसानं किती वेळा बघायच्या? लोक जांभया द्यायचे. पोरं निम्म्यातच रेवड्या खायला पळायची.

शेवटी पाटील म्हणाले, "हैबती, यंदाच्या जत्रेत तुझ्या खेळातून माणसं उठली, तर पुढच्या वर्षी मांडव जादूगाराला."

मांडव गेला म्हणजे बाहुल्या चुलीत घालायच्या! नवी गोष्ट शोधायला हैबती राजधानीकडे निघाला. बघा हं, गोष्ट हवी असली की माणूस आधी राजधानीकडेच धावतो.

घाटात एक वाकण होतं, वाटेचं अवघड वळण. एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. तिथं हडळ राहते असं सगळं गाव सांगायचं. वाकणाशी आलं की प्रत्येकानं ओरडायचं, "आहेस का गं?" ओ आली नाही की हडळ जागेवर नाही असं समजायचं आणि धूम ठोकायची. हैबतीही ओरडला आणि पळत सुटला.

पलीकडे लिंबाई नावाची म्हातारी शेळ्या चारत होती. ती खो खो हसली. "अरे, बाप्या माणूस तू, आणि एवढा पळतोस?"

"हडळ आहे ना तिथं, आजी."

लिंबाईचं हसू पार गेलं. "हडळ म्हणता तिला? लाज वाटू द्या मेल्यांनो! सकवार होती ती. तिचा नवरा धुक्यात तिथून दरीत पडला. तेव्हापासून ती वाकणावरच झोपडी बांधून राहिली. वाटसरू विचारायचा, 'आहेस का गं?' आणि ती म्हणायची, 'ओ! आहे रे, ये आवाजाच्या रोखानं.' माझी आजी माझ्या बापाला कडेवर घेऊन त्या आवाजावर घाट उतरली. नाहीतर मी कुठली असते?"

"मग तिचं काय झालं?"

"एकदा तीच धुक्यात सापडली. हाका मारमारून दमली. गावानं ऐकलं, पण उंबऱ्याबाहेर कुणी आलं नाही. ती दरीत गेली, आणि मग गावाला वाकणाची भीती वाटायला लागली."

हैबतीला रडू आवरेना. राजधानी राहिली बाजूला. तो तसाच घरी परतला आणि पांगाऱ्याचं लाकूड घेऊन बसला. त्यानं एक बाहुली कोरली. मुकुट नाही, दागिना नाही. ठिगळाचं लुगडं, आणि हाक द्यायला उघडलेलं तोंड.

जत्रा भरली. खेळ सुरू झाला. विरळ पांढऱ्या कापडाचं धुकं पसरलं आणि वाटसरू बाहुला ओरडला, "आहेस का गं?"

पोरांनी आयांच्या कुशीत तोंडं लपवली.

"ओ! आहे रे, ये आवाजाच्या रोखानं!"

अगं बाई! इतकी वर्षं सगळे विचारत होते, पण उत्तर त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर रेवडीला कुणी हात लावला नाही.

हैबतीनं सकवारचं नाव सांगितलं, तिची झोपडी दाखवली. मग तीच धुक्यात चुकली. "आहे का रे कुणी?" ती टाहो फोडू लागली. आता बाहुली दरीत सोडायची होती. हैबतीचं बोट दोरीवर गेलं, पण त्याच्यानं ती सोडवेना.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून पाटील ताडकन उठले. "ओ! आहे गं! ये!"

त्यांच्यामागे अख्खा मांडव उठला. "ये गं, सकवार! इकडं ये! आम्ही आहोत!"

हैबतीनं दोऱ्या वर खेचल्या. रडत, हसत त्यानं सकवारला पाऊल पाऊल चालवत सुखरूप गावात आणलं. ढोल घुमले, पागोटी उडाली, बायकांनी बाहुलीची दृष्ट काढली.

हैबती म्हणाला, "पाटील, माणसं तर उठली की!"

"उठली, पण गेलं का कुणी?" पाटील डोळे पुसत म्हणाले. "मांडव तुझाच. तुझ्या नातवंडांचाही."

त्या दिवसापासून वाकणावरून कुणी पळालं नाही. धुकं असलं की पुढे गेलेला माणूस तिथं थांबतो आणि मागच्याच्या हाकेला ओ देतो. दरीत पुन्हा कुणी गेलं नाही.

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: नव्या गोष्टीसाठी दूर धावू नका, आपल्याच गावानं विसरलेल्या माणसाला आधी ओ द्या.