पाठीला लागलेला दोर

"...म्हणजे मी शाळा सोडू की नको? एवढंच सांगा ना, ब्रदर."

ब्रदर इनास पंचिंग बॅग शिवत होते. मांडीवर फाटकी बॅग, हातात दाभण. फाटलेल्या तोंडातून एका पांढऱ्या झग्याची बाही बाहेर लोंबत होती. कुणी फादर निवृत्त झाले, की त्यांचे जुने झगे ब्रदर मागून आणत आणि बॅगेत भरत.

"तोंड धर जरा," ते म्हणाले.

ग्लेन्सीने बॅगेचं तोंड धरलं.

वसईतल्या एका चर्चच्या मागे केळ्यांची जुनी वखार होती. केळ्यांचा धंदा उठला, तेव्हा ती ब्रदरांनी मागून घेतली. रहाटाचे जुने दोर चार खांबांना बांधले आणि रिंग तयार केली. तरुणपणी ते गोदीत हमाल होते. बॉक्सिंग तिथेच शिकले, नाक तिथेच वाकडं झालं. पुढे ब्रदर झाले. नाक तसंच राहिलं.

ग्लेन्सी तुस्कानो त्यांची शिष्या. वय अठरा. तिच्या वजनगटात तिच्यापुढे टिकेल अशी मुलगी राज्यात उरली नव्हती, आणि हे तिला कुणी सांगावं लागत नसे.

"रविवारी तो बॉक्सिंग कंपनीचा माणूस उत्तर घ्यायला येतोय," ती म्हणाली. "हो म्हटलं तर सोमवारपासून मुंबईला कॅम्प. प्रोफेशनल! राहणं-खाणं सगळं त्यांचं. पण शाळा सोडून यायचं, दोन्ही जमणार नाही म्हणतो. आणि आई म्हणते, ब्रदर म्हणतील तसं."

"माझ्या गळ्यात घातलं होय."

"गळ्यात नाही हो. विश्वास आहे तिचा."

"एकच ते... ताण जरा."

तिने ताणलं.

"शाळा मोठी की बॉक्सिंग?"

"दोन्ही लहान. ताण."

"ब्रदर!"

ब्रदरांनी पुढचा टाका घातला, तशी तीच पुढे बोलली.

"तुमचं उत्तर माहीत आहे मला. शिक्षण आधी. सगळे तेच म्हणतात. कोळंबी विकायला येते ती मावशीसुद्धा टोपली उतरवता उतरवता तेच म्हणते. मग इतकी वर्षं शिकवलंत कशाला? कपाटात मेडलं ठेवायला? हा हात आज आहे, ब्रदर. पुस्तकं काय, चाळिशीतही वाचता येतात."

"खरं आहे."

ग्लेन्सी भांडायच्या तयारीने आली होती. जोरात मारलेला ठोसा हवेत जावा, तशी ती अडखळली.

"खरं आहे?"

"खरंच आहे. बॉक्सरचे दिवस थोडे." ब्रदरांनी दोरा दाताने तोडला. "चल, आत ये."

"आत्ता? तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे. तू ये."

दोराखालून वाकून आत शिरताना त्यांनी पवित्र मरियेचं नाव घेतलं. मग डावी मूठ वळली.

"मी विचारेन. तू उत्तर द्यायचं आणि हात चुकवायचा. बस्स."

मूठ हळूच पुढे आली.

"मुंबईत ओळखीचं कोण आहे?"

"कुणी नाही. होतील." ती डावीकडे सरकली. मूठ कानाजवळून गेली.

"नाक मोडलं तर?"

"तुमच्यासारखी दिसेन." उजवीकडे.

"लग्नाला अडचण होईल."

"मग तर मोडायलाच हवं!"

"हरलीस तर?"

"उठेन."

पुन्हा डावीकडे. पायांचा आवाजसुद्धा नाही.

ब्रदरांना मनातून फार बरं वाटलं. हे पाय त्यांनीच घडवले होते. समोरून हात आला की सरळ मागे जायचं नाही, बाजूला सरकायचं. सरळ मागे जाणाऱ्याला शेवटी दोर अडवतो. पहिल्याच दिवशी, ती दोराला लोंबकळून झोके घेत होती तेव्हा, त्यांनी तिला हे सांगितलं होतं. त्यानंतर ती सरळ मागे गेलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"वर्गात कुठे बसतेस?"

हात तोच. तितकाच संथ.

ग्लेन्सी मागे गेली.

हात पुढे आला. ती आणखी मागे गेली. सरळ मागे.

पाठीला दोर लागला.

ब्रदरांची मूठ तिच्या नाकाच्या शेंड्याला अलगद टेकली आणि तिथेच थांबली.

पत्र्यावर एक कावळा चालत होता.

"शेवटच्या बाकावर," ती म्हणाली. "एकटी."

"का?"

"नापास झाले ना मी अकरावीत. लोकांना सांगितलं, स्पर्धा होत्या म्हणून. तसं काही नाही. परीक्षा दिली आणि नापास झाले." तिने दोर घट्ट धरला. "आता मागच्या वर्षीच्या दहावीतल्या पोरी माझ्या वर्गात आल्यात. ताई म्हणतात मला."

"ताई?"

"ताई, खिडकी उघड ना, आमचा हात पुरत नाही. ताई, फळा वरपर्यंत पुसून दे ना. ताई, डबा खा ना आमच्यातला. चांगल्या आहेत हो त्या. चिडवत नाहीत. तेच तर... चिडवलं असतं तर एकेकीला बघून घेतलं असतं."

ब्रदर हसले नाहीत. मूठ उघडून त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं सुकेळं काढलं. उन्हात वाळवलेलं ते केळं त्यांनी मोडलं आणि मोठा तुकडा तिला दिला.

दोघं चघळत उभे राहिले.

"म्हणजे जाऊ नको म्हणता."

"मी कुठे म्हटलं?"

"मग जाऊ?"

"तू जाणारच, पोरी. लग्नाचं विचारलं, हरण्याचं विचारलं, तेव्हा तुझे पाय कसे चालले ते मी बघितलं. मला डोळे नाहीत का?"

"मग रविवारी हो सांगू त्याला?"

ब्रदरांनी तिच्या पाठीमागच्या दोरावर बोटाने टिचकी मारली.

"तो थांबणार नाही, ब्रदर. दुसऱ्या मुलीला घेईल."

"घेईल बहुतेक."

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल ना. रडेन. बॅगेतल्या झग्यांना डोळे पुसेन. काय कमी आहेत होय?"

ग्लेन्सीला हसू आलं, आणि हसता हसताच तिने मनगटाने नाक पुसलं. पाठ अजून दोरालाच होती. ते तिच्या ध्यानात आलं. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि एक पाऊल बाजूला टाकलं.

ब्रदर दोराखालून वाकून बाहेर पडले. दाभण शोधलं. लोंबणारी बाही बॅगेत कोंबली.

"तोंड धर."

तिने धरलं. बराच वेळ दोघं शिवत राहिले.

"ब्रदर... मग शाळा सोडायची तरी कधी?"

"ज्या दिवशी त्या वर्गातून तुझा पाय निघणार नाही ना, बाय, त्या दिवशी ये. दाखला काढायला मी स्वतः येतो तुझ्याबरोबर."