शेवंताबाईची म्हैस

“आता यात आणखी काय बघायचं राहिलंय, सर?”

निखिलेशने लॅपटॉप बाजेवर ठेवला. लांजेवार सर शेंगा सोलत बसले होते. चाळीस वर्षं दगड धुंडाळून निवृत्त झालेला माणूस. घाई कशी ती नाहीच.

निखिलेशला मात्र होती. तीनशे ओढ्यांतली माती तपासून झाली होती, तांबं शोधायचं होतं आणि मंजुरी एकाच बोअरची. त्यात तांबं लागलं नाही, तर त्याची तुकडी बंद. सोमवारी जागा सांगायची होती.

“तांब्याची सरासरी काढली, तिच्या बरीच वर रेषा आखली. रेषेच्या वर आठच नमुने. सगळे काळ्या डोंगराखालचे. बोअर तिथंच!”

सरांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. शेजारच्या शेवंताबाईच्या दहा शेळ्या आणि एक म्हैस चरत होत्या.

“यांची वजनं अंदाजे घाल. रेषेच्या वर कोण?”

निखिलेश हसला. पण गुरूचा शब्द… बोटं चालली.

“म्हैस.”

कुंपणाशी कान लावून उभी असलेली शेवंताबाई पदर तोंडाशी धरून फिसकन हसली.

“माय वं! येवढ्या मशीनीतून माही म्हैसच निघाली का रे बापू?”

निखिलेशचे कान लाल झाले.

“म्हैस आहे ती,” सर म्हणाले. “जड असणारच. तिला बाजूला काढ.”

त्याने काढली. रेषा धाडकन खाली आली. एक कबरी शेळी वर डोकावू लागली.

“ते गाभण हाय,” शेवंताबाई म्हणाली. “दोन पिल्लं हायेत.”



निखिलेशने नकाशा पुढ्यात ओढला. काळ्या दगडात तांबं मुळातच जास्त, हे तो पहिल्या वर्षाला शिकला होता. त्याने काळ्या डोंगराचे नमुने वेगळे काढले. उरले पांढऱ्या दगडाच्या भागातले. तांब्याचे आकडे सगळीकडे दहा, बारा, अकरा. एका ओढ्यात अडतीस. त्याच ओढ्यात थोडं वर… एकेचाळीस.

“सर!” तो उठून उभाच राहिला. “हे तर मी बघितलंच नव्हतं! सापडलं! सोमवारी हीच जागा सांगतो!”

सरांनी शेंग फोडली. दाणे त्याच्या हातावर ठेवले.

“बाई, पिल्लं दोन, हे कशावरून?”

“कशावरून म्हंजे? हात लावून!”

सरांनी निखिलेशकडे पाहिलं, मग शेळीकडे. तो कुंपण ओलांडून गेला, गुडघ्यावर बसला, भीत भीत तिच्या पोटाला तळहात लावला.

थोडा वेळ काहीच नाही…

“लाथ मारली! सर, आतून लाथ मारली!” पोरासारखा ओरडला तो. शेवंताबाईला हसू आवरेना.

सरही हसले. सालं झटकून उठले.

“सोमवारला दोन दिवस आहेत. आता ओढ्यावर जा. तिथं हात ठेव.”